कोकणचा रुपया, लंडनचा बुधवार

चिपळूण मागे टाकून संगमेश्वराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सावर्डे हे गाव आहे. खैराच्या लाकडापासून काढलेला कात आणि गोविंदराव निकम यांच्या सह्याद्री शिक्षण संस्थेची विद्यालये यांमुळे आज त्याचे नाव जिल्ह्याबाहेर घेतले जाते. परंतु ज्या काळाविषयी मला लिहावयाचे आहे, त्या काळात या साऱ्या पट्ट्याचा संसार भाताची खाचरे आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर यांवर कसाबसा तोलून धरलेला असे. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी आणि सखल भागात भात, एवढ्यावर वर्ष निभत नसल्यामुळे घरोघरचे तरुण दाभोळच्या बंदरातून मुंबईला जात, गिरण्यांत आणि गोद्यांत कष्ट उपसत, आणि टपाल खात्याने १८८० मध्ये मनिऑर्डरची सोय केल्यापासून महिन्याच्या महिन्यास काही रुपये घरी धाडीत. सारा, वाण्याची उधारी, मीठ, कापड आणि लग्नकार्ये या सर्वांची तोंडमिळवणी त्या रुपयांतून व्हावयाची. ते रुपये पाठविणाऱ्याने घामाने मिळविलेले असत आणि घेणारी माउली ते जपून खर्च करी. परंतु त्यांचे मोल काय असावे, हे सावर्ड्यात ठरत नव्हते आणि मुंबईतही ठरत नव्हते. ते लंडनमध्ये ठरत होते. आंतरराष्ट्रीय अर्थव्यवहाराचे अध्ययन करण्यासाठी कोकणातील माणसे समुद्रापलीकडे का गेली, या प्रश्नाचे मूळ माझ्या मते या एका वस्तुस्थितीत आहे.

कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने तोळाभर वजनाचा, अकरा-बारांश शुद्ध चांदीचा रुपया साऱ्या मुलखात चालू केला. कोणीही चांदी टांकसाळीत न्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा असल्यामुळे रुपयाचे मोल म्हणजे त्यातील चांदीचे मोल, असा सरळ हिशेब होता. १८७३ च्या सुमारास जर्मनीने चांदीचे चलन सोडून सोन्याची कास धरली, इतर राष्ट्रे तिच्या मागोमाग गेली, चांदी स्वस्त होत चालली, आणि एकेकाळी दोन शिलिंगांना उतरणारा रुपया घसरत घसरत १८९५ च्या सुमारास तेरा पेन्सांवर आला. हिंदुस्थान सरकारला विलायतेतील कर्जाचे व्याज, निवृत्त अंमलदारांची पेन्शने, फौजेचा आणि इंडिया ऑफिसचा खर्च हे सारे पौंडांत चुकते करावे लागे. रुपया जितका उतरे तितके अधिक रुपये रयतेकडून वसूल करणे भाग पडे. या पेचातून सुटण्यासाठी सरकारने १८९३ च्या जून महिन्यात टांकसाळी जनतेच्या चांदीला बंद केल्या, रुपयांचा पुरवठा आपल्या हाती घेतला, आणि पुढे त्याचा भाव एक शिलिंग चार पेन्सांवर बांधून टाकला.

हा भाव राखण्याची जी तजवीज होती ती मोठी विलक्षण होती. दर बुधवारी बँक ऑफ इंग्लंडमध्ये भारतमंत्र्यांच्या वतीने हुंड्यांचा लिलाव होई. हिंदुस्थानातून कापूस, ताग किंवा गहू घेणारा इंग्रज व्यापारी पौंड भरून ती हुंडी विकत घेई, ती टपालाने किंवा तारेने इकडे पाठवी, आणि कलकत्ता, मुंबई किंवा मद्रास येथील सरकारी खजिन्यातून तिचे रुपये मिळत. सावकारी हुंडीशी परिचय असलेल्या मराठी वाचकास ही रीत समजावून सांगावयास नको. भेद इतकाच की येथे सावकार स्वतः सरकार होते, पौंडांची तिजोरी टेम्सच्या काठी होती, आणि रुपये फेडणारी रयत हजारो कोस दूर होती. व्यापार मंदावून भाव खाली येऊ लागला की याच्या उलट, सरकार हिंदुस्थानात रुपये घेऊन लंडनवर पौंडांच्या हुंड्या देई. अशा उलट हुंड्या १९२० या एका वर्षात, रुपयाचा भाव दोन शिलिंगांवर चढवून धरण्याच्या निष्फळ अट्टाहासापायी, सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या विकल्या गेल्या, आणि त्यात हिंदुस्थानच्या खजिन्याचे अतोनात नुकसान झाले.

कोकणाशी याचा संबंध तर्काने जोडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जात असे. चीन चांदीच्या चलनावर राहिला आणि रुपया मात्र चांदीपासून तोडून वर उचलला गेला, त्यामुळे त्या बाजारात मुंबईचे सूत महाग पडू लागल्याची तक्रार गिरणीमालक करू लागले. गिरणगावातील मजुरांत रत्नागिरी जिल्ह्याची भरती फार मोठी होती. म्हणजे टांकसाळीच्या दाराला लावलेल्या कुलपाची झळ गिरणीच्या पाळीपर्यंत आणि पाळीतून मनिऑर्डरीपर्यंत पोहोचण्यास वाट मोकळी होती.

लंडनमध्ये ठरणाऱ्या या अर्थव्यवहाराचा प्रत्यक्ष इंग्लंडात जाऊन पाठपुरावा करणारे पहिले मोठे कोकणी गृहस्थ म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचा जन्म १८६६ मध्ये गुहागरजवळच्या कोतळूक येथे झाला, आणि घराण्याचे गाव ताम्हणमळा हे तर सावर्ड्याच्याच चिपळूण तालुक्यातले. विलायतेतील कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. त्यांचा वर्ग पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांपुढे भरला. आकड्यांची तालीम गणेश व्यंकटेश जोशी या व्यासंगी मुख्याध्यापकांनी दिली. आणि परीक्षा झाली ती १८९७ च्या एप्रिलमध्ये लंडनला, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे. अध्यक्ष लॉर्ड वेल्बी हे ब्रिटिश खजिन्याच्या कारभारात मुरलेले. सभासदांत दादाभाई नौरोजी होते हे खरे, तरी उलटतपासणी करणारे बहुतेक हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचे समर्थकच. तिशीतल्या प्राध्यापक गोखल्यांनी तेथे खर्चावरील नियंत्रणाची यंत्रणा, खर्चाची वाढ, आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यातील खर्चाची वाटणी या तिन्हींवर साक्ष दिली.

त्या साक्षीचे खरे फळ मला पाच वर्षांनंतरच्या भाषणात दिसते. १९०२ च्या मार्चमध्ये वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर प्रथमच बोलताना गोखल्यांनी सरकारच्या शिलकीचे मर्म उघडे केले. रुपया तेरा पेन्सांचा सोळा पेन्सांवर चढविल्यामुळे विलायतेचे देणे थोड्या रुपयांत भागू लागले. परंतु रुपया उतरल्याच्या काळात बसविलेले कर मात्र तसेच चालू राहिले. तेव्हा शिल्लक दिसते ती रयतेच्या सुबत्तेमुळे नसून चलनाच्या फेरफारामुळे आहे, आणि ती रयतेला परत मिळाली पाहिजे, असा तो युक्तिवाद होता. मिठावरील कर त्या वेळी मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन रुपये आणि १९०७ पर्यंत टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला. मिठागरांच्या किनाऱ्यावर राहूनही महाग मीठ खाणाऱ्या कोकणच्या गरिबाला, विलायती हुंडणावळीच्या अभ्यासाचा याहून निकटचा लाभ कोणता दाखवावा?

गोखल्यांनी जे साक्षीच्या खुर्चीवर बसून केले, ते विद्यार्थ्याच्या बाकावर बसून पूर्णत्वास नेण्याचे कार्य याच जिल्ह्याच्या दुसऱ्या पुत्राने केले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे भीमराव रामजी आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे वडील सुभेदार रामजी फौजेतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस राहिले, त्यामुळे भीमरावांचे शैशव तेथे गेले. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे नामांकित अध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले, आणि १९१५ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व तिचा अर्थव्यवहार या विषयावर प्रबंध सादर केला. इंग्रजी भागधारकांच्या कंपनीचे कर्ज १८५८ नंतर हिंदुस्थानच्या माथी कसे बसले, हा त्या लहानशा प्रबंधाचा गाभा आहे. पुढचा मोठा प्रबंध प्रांतिक जमाखर्चाच्या उत्क्रांतीवर झाला. तो १९२५ मध्ये सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह लंडनला प्रसिद्ध झाला, आणि कोलंबियाची डॉक्टरेट १९२७ मध्ये रीतसर पदरी पडली.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे वर्षभरात त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात १९१८ च्या नोव्हेंबरपासून अर्थशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांनी नोकरी केली, पगारातून शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज मिळविले, आणि १९२० च्या सप्टेंबरात, म्हणजे त्या घातक उलट हुंड्यांची विक्री थांबली त्याच महिन्यात, लंडनमधले अध्ययन पुन्हा आरंभिले.

आज परदेशी विद्यालये वर्गातील व्याख्यानांच्या जोडीला पेढ्यांना आणि रोखेबाजारांना भेटी घडवितात, आणि ते योग्यच आहे. आंबेडकरांनी जी प्रत्यक्ष पाहणी केली ती दफ्तरांची होती. हिंदुस्थानच्या चलनाविषयीचे आयोगांचे अहवाल, साक्षी, खलिते आणि जमाखर्चाची पत्रके लंडनमध्ये एकवटलेली होती. ती ज्याला पाहावयाची असतील त्याने तिकडेच जाणे प्राप्त होते. वर्गात एडविन कॅनन यांच्यासारखा चलनशास्त्राचा करडा अध्यापक, थोडे चालून गेले की ब्रिटिश म्यूझियमचे वाचनालय, व्हाइटहॉलला इंडिया ऑफिसचा ग्रंथसंग्रह, आणि पूर्वेकडे थ्रेडनीडल स्ट्रीटवर हुंड्यांच्या लिलावाची ती बँक: ज्या यंत्राचा अभ्यास करावयाचा त्या यंत्राच्या कुशीतच हा विद्यार्थी अर्धपोटी राहून सकाळपासून वाचनालये बंद होईपर्यंत वाचीत बसे. १९२१ मध्ये एम्. एस्सी. झाली. १९२२ च्या ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर झाला. त्यातील तीव्र टीका परीक्षकांना रुचली नाही, म्हणून निष्कर्ष कायम ठेवून तो पुन्हा लिहावा लागला. आणि १९२३ च्या अखेरीस डी. एस्सी. पदवी व ग्रंथ ही दोन्ही एकदमच हाती आली.

या ग्रंथाचे धाडस ध्यानात घेण्यासाठी एक गोष्ट स्मरावी. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात हुंड्यांच्या विक्रीने भाव राखणाऱ्या हिंदुस्थानच्या या सुवर्ण-विनिमय पद्धतीची प्रशंसा केली होती. तेच दस्तऐवज वाचून आंबेडकरांनी उलट निर्णय दिला. त्यांचे म्हणणे असे की, लंडनवरील भाव स्थिर राहिला म्हणजे चलन सुस्थिर झाले असे नव्हे. रुपयाने बाजारात धान्य किती येते, ती क्रयशक्ती स्थिर हवी. आणि जेथे रुपये पाडण्यावर सरकारच्या मर्जीखेरीज कोणतीही मर्यादा नाही तेथे ती स्थिर राहूच शकत नाही. म्हणून रुपये पाडणे कायमचे बंद करावे, सोन्याची टांकसाळ उघडावी, आणि राज्यकर्त्यांची सत्ता पैशापुरती तरी नियमात बांधावी. कॅनन यांना हे सारे मान्य नव्हते. तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली, आणि मतभेद राखून शिष्याचा गौरव करणारा गुरू हा मला त्या विद्यालयाचा सर्वांत मोठा अलंकार वाटतो. ग्रंथ आंबेडकरांनी आपल्या मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला.

१९२५ च्या डिसेंबरमध्ये, हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. रिझर्व्ह बँक याच ग्रंथाच्या आधारे निघाली, असे हल्ली सर्रास म्हटले जाते. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, आणि तिला अनुसरून १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेली बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, हे खरे. परंतु आयोगाने सुचविलेली चलनपद्धती आंबेडकरांच्या योजनेहून भिन्न होती. ग्रंथाची थोरवी स्वतंत्र बुद्धीची आहे. उसन्या श्रेयाची तिला गरज नाही.

त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हेही कोकणचेच; जन्म महाडजवळच्या नाते गावचा. केंब्रिजला त्यांनी अभ्यास केला तो निसर्गविज्ञानाचा. अर्थव्यवहार ते नोकरीत आणि बँकेत शिकले. १९४४ च्या जुलैत ब्रेटन वूड्स येथे जगाच्या चलनाची घडी बसविण्यासाठी चव्वेचाळीस राष्ट्रे जमली तेव्हा हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते, आणि त्यांच्या जोडीला लंडन स्कूलमध्ये पूर्वी अध्यापन केलेले थिओडोर ग्रेगरीही होते. ज्या लंडनकडे आपण पिढ्यान्‌पिढ्या देणे लागत होतो, त्याच्याकडूनच आपले पौंडांचे येणे युद्धामुळे साचत गेले होते, आणि युद्ध संपेतो ते शंभर कोटींच्याही पुढे गेले.

आता सावर्ड्याहून मुंबई गाठावयास आगबोट लागत नाही; कोकण रेल्वेचे स्थानक गावालाच आहे, आणि वाणिज्य शिकणारी मुले परदेशी अध्ययनाची स्वप्ने उघडपणे बोलून दाखवितात. त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. लंडनला गेलात तर बँक ऑफ इंग्लंडचे संग्रहालय अवश्य पाहा, आणि प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घरही पाहा. आंबेडकर तेथे राहत असत, आणि आता तेथे त्यांचे स्मारक आहे. पण निघण्यापूर्वी कंपनीच्या अर्थव्यवहारावरचा, प्रांतिक जमाखर्चावरचा आणि रुपयावरचा असे तिन्ही प्रबंध वाचून जा. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये त्यांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात ते एकत्र छापले आहेत.