‘सी’ श्रेणीचा निबंध आणि अमेरिकेची सत्ताविसावी घटनादुरुस्ती

१९८२ साली ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात शिकणाऱ्या ग्रेगरी वॉटसन या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने शासनव्यवस्थेच्या वर्गासाठी एक निबंध लिहिला. आज ज्याला धोरण-टिपण म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारे ते लेखन होते. आधी वस्तुस्थिती, मग कायद्याचा आधार आणि शेवटी काय करावे याची शिफारस. निबंधाला ‘सी’ श्रेणी मिळाली. दहा वर्षांनी त्यातील शिफारस अमेरिकेच्या राज्यघटनेचा भाग झाली.

वॉटसनने मुळात दुसराच विषय घेतला होता. स्त्री-पुरुषांना कायद्यापुढे समान हक्क देणारी घटनादुरुस्ती त्या वर्षी अखेरच्या घटका मोजत होती. संसदेने १९७२ मध्ये ती राज्यांकडे पाठवताना सात वर्षांची मुदत घातली होती. ती वाढवून ३० जून १९८२ करण्यात आली, तरी ३८ राज्यांची संमती हवी असताना गाडी ३५ वर अडली होती. या विषयाची सामग्री शोधताना शहराच्या ग्रंथालयात त्याच्या हाती घटनेवरचे एक पुस्तक लागले. संसदेने मंजूर केलेल्या, पण राज्यांची पुरेशी संमती न मिळालेल्या दुरुस्त्यांची माहिती त्यात होती. त्यांपैकी एक थेट १७८९ सालची होती आणि तिला मुदतच नव्हती.

येथे अमेरिकेची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. भारतात बहुतेक घटनादुरुस्त्या संसदेतच पूर्ण होतात आणि संघराज्याच्या रचनेला हात घालणाऱ्या काही विषयांपुरती निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. अमेरिकेत मात्र प्रत्येक दुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यांचा होकार हवा. तो किती काळात मिळाला पाहिजे, याबद्दल मूळ घटना मौन बाळगते. सात वर्षांची मुदत घालण्याची चाल विसाव्या शतकातली, दारूबंदीच्या अठराव्या दुरुस्तीपासूनची.

१७८९ च्या त्या दुरुस्तीमागे जेम्स मॅडिसन होता. नवी राज्यघटना स्वीकारताना अनेक राज्यांनी नागरिकांच्या हक्कांची हमी मागितली होती. मॅडिसनने प्रतिनिधिगृहात दुरुस्त्यांचा प्रस्ताव मांडला, चर्चेत त्याची काटछाट झाली आणि २५ सप्टेंबर १७८९ रोजी बारा दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या. तिसरीपासून बारावीपर्यंतच्या दहा १५ डिसेंबर १७९१ पर्यंत संमत झाल्या. ‘हक्कांची सनद’ म्हणून जगभर शिकवल्या जातात त्या याच. पहिल्या दोन मागे राहिल्या.

मागे राहिलेल्या दुसऱ्या दुरुस्तीचा आशय साधा होता. खासदारांनी आपल्या वेतनात बदल करणारा कायदा खुशाल करावा, पण मध्ये प्रतिनिधिगृहाची एक निवडणूक झाल्याशिवाय तो अमलात येऊ नये. स्वतःचा पगार स्वतःच ठरवणाऱ्याला वाढ पदरात पाडून घेण्यापूर्वी मतदारांच्या दारात उभे राहावे लागेल, एवढीच योजना. मॅडिसनच्या काळी हा धोका फारसा कोणाला भेडसावत नसावा. पुरेशी राज्ये पुढे आली नाहीत आणि मजकूर दप्तरात पडून राहिला.

पुढे तो अधूनमधून आठवणीत येत राहिला, आणि तोही रागाच्या क्षणी. १८७३ मध्ये संसदेने खासदारांचे वार्षिक वेतन ५,००० वरून ७,५०० डॉलरवर नेले आणि वाढ मागील तारखेपासून लागू केली. या ‘पगार-लुटी’विरुद्ध देशभर संताप उसळला. तेव्हा ओहायोच्या विधिमंडळाने चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीचा तो मजकूर बाहेर काढून त्याला संमती दिली. तो निव्वळ निषेध होता. पुन्हा शंभरहून अधिक वर्षे शांतता. १९७८ मध्ये अशाच एका वेतनवाढीवर चिडून वायोमिंगनेही तेच केले.

वॉटसनचा युक्तिवाद असा होता: दुरुस्तीला मुदत नाही, म्हणून ती अद्याप जिवंत आहे. राज्यांनी एकेक करून संमती दिली तर ती आजही घटनेत येऊ शकते, आणि ती यावी.

निबंध तपासणाऱ्या सहायकाने ‘सी’ दिली. विद्यार्थ्याने दाद मागितली, तेव्हा विषयाच्या शिक्षिकेनेही तीच कायम ठेवली. ही गोष्ट सांगताना शिक्षिकेला खलनायिका करण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरायला हवा, कारण त्या काळचा कायदा तिच्या शंकेच्या बाजूनेही बोलत होता. १९२१ च्या डिलन विरुद्ध ग्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की संमती वाजवी काळात मिळावी, म्हणजे ती एका काळच्या लोकमताचे प्रतिबिंब ठरेल. इतकेच नव्हे, तर १७८९ च्या रखडलेल्या दुरुस्त्या अजून प्रलंबित आहेत हे मत टिकणारे नाही, असेही न्यायालयाने जाता जाता नोंदवले होते. वॉटसनच्या बाजूला होता तो १९३९ चा कोलमन विरुद्ध मिलर हा निकाल. दुरुस्ती कालबाह्य झाली की नाही हा राजकीय प्रश्न आहे आणि तो न्यायालयाने नव्हे, संसदेने सोडवावा, असा त्याचा रोख. म्हणजे प्रश्न खरोखरच उघडा होता. फक्त त्याचे उत्तर ग्रंथालयात मिळणारे नव्हते. राज्यांनी संमती देऊन पाहिल्यावाचून ते कळणार नव्हते.

म्हणून वॉटसनने पत्रे लिहायला घेतली. आपापल्या राज्याच्या विधिमंडळात हा विषय काढावा, अशी विनंती त्याने खासदारांना केली. बहुतेकांनी दुर्लक्ष केले, काहींनी हे आता शक्य नाही असे कळवले. मेन राज्याचे सिनेटर विल्यम कोहेन यांनी मात्र विषय राज्यातील सहकाऱ्यांकडे पोहोचवला आणि एप्रिल १९८३ मध्ये मेनने संमती दिली. पुढच्या वर्षी कोलोरॅडोने. मग वॉटसन राज्यांच्या आमदारांनाच थेट पत्रे टंकू लागला. मागे ना पक्ष होता ना संघटना. दहा वर्षांत त्याने पदरचे सुमारे ६,००० डॉलर खर्च केले.

मोहिमेला खरे बळ दिले ते खासदारांनीच. वेतनवाढीचे वाद ऐंशीच्या दशकात वारंवार पेटत राहिले. त्यावर १९९२ च्या आरंभी प्रतिनिधिगृहाच्या बँकेचे प्रकरण गाजले: खात्यात शिल्लक नसताना सदस्यांनी बिनदिक्कत धनादेश फाडले होते. राज्यांतील आमदारांना याहून स्वस्त निषेध कोणता मिळणार? या दुरुस्तीला होकार देण्यात त्यांचे स्वतःचे काहीच जात नव्हते, आणि विरोधात उभे राहून मतदारांना तोंड देणे कठीण होते. मे १९९२ मध्ये राज्यांची रीघ लागली. ७ मे रोजी मिशिगनच्या संमतीबरोबर ३८ चा आकडा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले.

आता पेच वॉशिंग्टनसमोर होता. २०२ वर्षांत विखुरलेली संमती ग्राह्य धरायची का? प्रमाणपत्र देणे हे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रमुखाचे काम. डॉन विल्सन यांनी संसदेची वाट न पाहता १८ मे रोजी ते दिले. सिनेटमधील ज्येष्ठ सदस्य रॉबर्ट बर्ड यांनी त्याबद्दल नाराजी व्यक्त केली. तथापि निवडणुकीच्या वर्षात, स्वतःच्या पगाराच्या प्रश्नावर, दुरुस्ती शिळी झाली असे म्हणण्याची हिंमत कोण करणार? २० मे रोजी सिनेटने ९९ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहाने ४१४ विरुद्ध ३ मतांनी ती वैध असल्याचे मान्य केले. डिलन खटल्यातील शेरा या मतदानापुढे बाजूला पडला.

दप्तरांची एक गंमत नंतर उघड झाली. केंटकी राज्याने जून १७९२ मध्येच या दुरुस्तीला संमती दिली होती आणि ती मोजायची राहून गेली होती. त्यामुळे आवश्यक संख्या खरे तर मिशिगनच्या दोन दिवस आधी, ५ मे रोजीच गाठली गेली होती. अमेरिकेच्या घटनेत केव्हा भर पडली, हे ती पडली त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते.

प्रत्यक्ष परिणामाचे मोजमाप केले तर चित्र माफक आहे. १९८९ च्या कायद्याने खासदारांच्या वेतनात दरवर्षी आपोआप वाढ होण्याची सोय आधीच करून ठेवली होती. पुढे प्रतिनिधिगृहाचे सभापती झालेले जॉन बेनर यांनी नव्या दुरुस्तीचा आधार घेऊन त्या वाढीला आव्हान दिले. १९९४ मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळले. मूळ कायदा झाल्यानंतर १९९० ची निवडणूक होऊन गेली आहे, त्यामुळे मॅडिसनची अट पूर्ण झाली, असे न्यायालयाचे म्हणणे. सूत्र एकदा ठरवून ठेवले की दरवर्षीच्या वाढीसाठी नव्याने मतदारांपुढे जाण्याचे कारण उरत नाही. अठराव्या शतकातील कुलपाला विसाव्या शतकातील किल्ली आधीच सापडली होती. वॉटसनचा निबंध घटनेपर्यंत पोहोचला, पण खासदारांच्या खिशापर्यंत तो क्वचितच पोहोचला.

मार्च २०१७ मध्ये त्याच शिक्षिकेच्या विनंतीवरून विद्यापीठाने पस्तीस वर्षांपूर्वीची श्रेणी अधिकृतपणे ‘सी’वरून ‘ए’ केली.

१७८९ च्या बारांपैकी अकरा आता घटनेत आहेत. उरलेली पहिली, प्रतिनिधिगृहाच्या सदस्यसंख्येचे सूत्र ठरवणारी, आजही कोणत्याही मुदतीविना राज्यांकडे प्रलंबित आहे.