अल्फोरचे घोडे : भिंतीआडच्या क्रौर्याचा हिशेब कोणी मागायचा?

१/ पॅरिसच्या आग्नेयेस, जेथे मार्न नदी सेन नदीला मिळते, तेथे अल्फोर हे स्थळ आहे. १८६० च्या सुमारास या नावाने लंडनचे वृत्तपत्रवाचक अस्वस्थ होत असत. तेथे लढाई झाली नव्हती की दंगल उसळली नव्हती. तेथे होते एक नामांकित पशुवैद्यक विद्यालय, आणि क्रौर्याचा आरोप होता तो प्राण्यांना बरे करण्याची विद्या शिकविणाऱ्यांवर.

२/ या विद्यालयाचा वारसा मोठा होता. अठराव्या शतकात बुळकांडीच्या साथींनी युरोपातील गोठे ओस पाडले. त्या काळात क्लोद बूर्जला याने १७६० च्या दशकाच्या आरंभी लियाँ येथे जगातील पहिले पशुवैद्यक विद्यालय उभारले आणि पाठोपाठ १७६५ मध्ये अल्फोरची स्थापना झाली. सैन्य, टपाल, शेती, मालवाहतूक हे सारे घोड्यावर चालण्याचे ते दिवस. घोडा बरा करणारा हात राज्याला हवाच होता.

३/ तो हात तयार करण्याची रीत मात्र भयंकर होती. म्हातारे, निकामी झालेले घोडे अल्प किमतीत विकत घेतले जात. घोड्याला आडवे पाडून जखडून टाकीत आणि विद्यार्थी आळीपाळीने त्याच्यावर शल्यक्रियांचा सराव करीत. खूर, शेपटी, कान, डोळा, मज्जातंतू असे एकेक अवयव हाताखालून जाई, तापल्या लोखंडाचे डागही दिले जात. समकालीन वर्णनांनुसार एकाच जनावरावर साठच्या आसपास क्रिया होत आणि हा क्रम कित्येक तास चाले.

४/ येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. हे उपचार नव्हते, कारण त्या क्रियांची त्या घोड्याला कसलीच गरज नव्हती. हे संशोधनही नव्हते, कारण त्यातून नवे ज्ञान निघत नव्हते. हेतू एकच : विद्यार्थ्याचा हात बसावा. १८४६ मध्ये ईथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म शल्यगृहात आले होते. वेदना टाळण्याचे साधन जगाला ठाऊक झाल्यानंतरही हा सराव शुद्धीवर असलेल्या जनावरावर चालू राहिला.

५/ फ्रान्समध्ये प्राण्यांसाठी कायदा नव्हता असे नाही. जनरल दलमा द ग्रामाँ यांच्या प्रयत्नांतून २ जुलै १८५० रोजी जो कायदा झाला, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पाळीव जनावराशी क्रूरपणे वागणाऱ्यास ५ ते १५ फ्रँक दंड आणि १ ते ५ दिवसांचा तुरुंगवास अशी त्याची तरतूद. पण त्यात एक अट होती : क्रौर्य सार्वजनिक ठिकाणी, लोकांदेखत घडलेले असले पाहिजे.

६/ या एका अटीत त्या काळाची सारी समाजरचना उतरली आहे. भर रस्त्यात थकलेल्या घोड्यावर चाबूक ओढणारा गाडीवान गुन्हेगार ठरे, कारण ते दृश्य पादचाऱ्यांना दिसे. तोच घोडा निकामी होऊन विद्यालयाच्या फाटकातून आत गेला की कायद्याची हद्द संपे. चाबकाला शिक्षा होती, शस्त्राला नव्हती. गाडीवानाकडे पदवी नव्हती, प्राध्यापकाकडे ती होती.

७/ कायदा जेथे थांबला तेथून लोकमताचे काम सुरू झाले. ब्रिटनमध्ये गुराढोरांना क्रौर्यापासून संरक्षण देणारा कायदा १८२२ मध्येच झाला होता. १८२४ मध्ये प्राणिरक्षणासाठी एक संस्था निघाली आणि १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या अनुमतीने तिला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. हीच आजची आरएसपीसीए. तिने अल्फोरची वृत्ते गोळा केली आणि १८६१ मध्ये तिचे शिष्टमंडळ थेट सम्राट तिसऱ्या नेपोलियनपुढे उभे राहिले. एका देशातील नागरिकांनी दुसऱ्या देशातील पशुवैद्यकांची तक्रार त्यांच्या सम्राटाकडे न्यावी, हा प्रकार त्या काळी विलक्षणच होता.

८/ प्रकरण अखेरीस फ्रान्सच्या वैद्यक अकादमीपुढे आले. १८६३ च्या उन्हाळ्यात तेथे वादविवाद रंगला आणि लंडनच्या ‘टाइम्स’नेही अल्फोरवर कठोर टीका केली. तथापि या दबावाला एक दुखरी बाजू होती. घोड्यांवर स्वार होऊन कोल्ह्यांमागे शिकारी कुत्रे सोडणाऱ्या इंग्रजांनी दयेचे धडे द्यावेत, हे फ्रेंच विद्वानांच्या पचनी पडणे कठीण होते. प्रश्न घोड्याच्या वेदनेचा होता, पण त्याला राष्ट्राभिमानाचा रंग चढत गेला.

९/ तरीही अकादमी एकमुखी नव्हती. तिचे स्थायी सचिव फ्रेडेरिक द्युब्वा यांनी परखड भूमिका घेतली. ते विज्ञानाचे विरोधक नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच की शल्यक्रियेचा सराव मृत जनावरांवर व्हावा, जिवंत घोड्यांवर नव्हे. घरातल्याच माणसाने घरातला दोष बोलून दाखविला होता.

१०/ निकाल मात्र त्यांच्या विरुद्ध गेला. तक्रारी निराधार आहेत, त्यांची दखल घेण्याचे कारण नाही आणि या क्रिया पूर्ववत विज्ञानवेत्त्यांच्या विवेकावर सोडाव्यात, अशा आशयाचा निर्णय अकादमीने दिला. म्हणजे ज्यांच्यावर आरोप, त्यांच्याच सद्सद्विवेकाकडे न्याय सोपविला गेला. व्यावसायिकाच्या वर्तनाचा न्याय केवळ व्यावसायिकच करू शकतो, ही समजूत अकादमीच्या शिक्क्यानिशी पक्की झाली.

११/ वरवर पाहता लोकमत हरले. पण प्रश्न विझला नाही. अल्फोरच्या वृत्तांनी अस्वस्थ झालेल्या फ्रान्सेस पॉवर कॉब या लेखिकेने त्याच वर्षी ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये माणसाचे हक्क आणि मुक्या जिवांचे दावे यांवर दीर्घ निबंध लिहिला. पुढील काळात प्राण्यांवरील वेदनादायी प्रयोगांविरुद्ध ब्रिटनमध्ये जी चळवळ उभी राहिली, तिचे नेतृत्व याच कॉबने केले.

१२/ याहून महत्त्वाचा आवाज व्यवसायाच्या आतून आला. जॉर्ज फ्लेमिंग हे ब्रिटिश लष्करातील पशुवैद्य. आरएसपीसीएच्या निबंधस्पर्धेत पारितोषिक मिळालेला त्यांचा लेख १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जिवंत घोड्यांवरील या सरावाचा त्यांनी त्यात निषेध केला. ‘तुम्हाला यातले काय कळते?’ हा प्रश्न कॉबसारख्या लेखिकेला विचारता येत होता. फ्लेमिंगना तो विचारण्याची सोय नव्हती.

१३/ १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने या विषयावर शाही आयोग नेमला आणि १८७६ मध्ये कायदा झाला. प्रयोगासाठी परवाना आणि सर्वसाधारणपणे भूल आवश्यक ठरली. त्यात आणखी एक निर्बंध होता : केवळ हस्तकौशल्य मिळविण्यासाठी जिवंत प्राण्यावर प्रयोग करता येणार नाही. अल्फोरचे नाव त्या कलमात नाही. पण तेथील प्रथेचे याहून नेमके वर्णन दुसरे कोणते असेल?

१४/ १८८१ मध्ये आणखी एक पाऊल पडले. ब्रिटनच्या पशुवैद्य कायद्याने नोंदणीपुस्तकाला वैधानिक आधार दिला आणि व्यवसायाला लांच्छन आणणाऱ्याचे नाव त्यातून काढून टाकण्याची तरतूद केली. या कायद्यासाठी झटणाऱ्यांत फ्लेमिंग अग्रणी होते. हा अधिकारही व्यवसायाच्या संस्थेकडेच राहिला हे खरे, पण आता ‘विवेक’ या मोघम शब्दाच्या जागी कायदा, नोंद आणि शिक्षा आली होती.

१५/ हा विजय निर्भेळ नव्हता. १८७६ च्या कायद्यानुसार परवानाधारकावर खटला भरण्यास गृहमंत्र्यांची संमती लागे. कायदा प्राण्यांचे रक्षण करतो की प्रयोग करणाऱ्यांचे, असा प्रश्न चळवळीतील लोक विचारू लागले. कॉबचे समाधान झाले नाही. पुढे तिने अशा प्रयोगांवर संपूर्ण बंदीची मागणी लावून धरली.

१६/ अल्फोर प्रकरणाचे मर्म येथे आहे. संताप दरवाजा ठोठावू शकतो. दरवाजा उघडण्यासाठी मात्र आतून कोणीतरी कडी काढावी लागते, आणि उघडलेला दरवाजा पुन्हा बंद होऊ नये म्हणून कायद्यात नेमके शब्द असावे लागतात. पॅरिसमध्ये द्युब्वा एकटे पडले आणि प्रथेला अभय मिळाले. ब्रिटनमध्ये लोकमत, फ्लेमिंग आणि संसद यांचे पाऊल एका दिशेने पडले, तेव्हा एक नियम तरी जन्माला आला.

१७/ आणि फ्रान्समधील तो जुना कायदा? त्यातील ‘लोकांदेखत’ ही अट ७ सप्टेंबर १९५९ च्या हुकूमनाम्याने रद्द झाली. भिंतीआड होणारे क्रौर्य हेही क्रौर्यच, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला १०९ वर्षे लागली.