उशिरा पोचलेला हुकूम

मोटार उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवर कुणाचा पाय नाही, आणि तरीही एंजिनाचा आवाज आपोआप चढतो, विझेल की काय असे वाटण्याइतका उतरतो आणि पुन्हा चढतो, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना यंत्रालाही लहर असते असे वाटल्यास नवल नाही. गॅरेजमधला मिस्त्री मात्र ‘हंटिंग करतंय’ एवढेच म्हणतो आणि बॉनेट उघडतो. हा शिकारीचा शब्द त्याच्याकडे वाफेच्या एंजिनांच्या दुनियेतून, गव्हर्नरामागोमाग आलेला आहे.

गव्हर्नर म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे मलबार टेकडीच्या टोकावरचा बंगला उभा राहतो. यंत्रांच्या राज्यातला गव्हर्नर म्हणजे फिरत्या दांड्याला बिजागरीने टांगलेले दोन लोखंडी गोळे. एंजिन वेगाने फिरू लागले की गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची झडप आवळतात. वेग मंदावला की खाली येतात आणि झडप सैल करतात. ही युक्ती मूळची इंग्लंडातल्या पवनचक्क्यांची. 1788 साली जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांनी ती आपल्या वाफेच्या एंजिनावर बसवली. पुढे गिरणीमालकाला तिचे मोल विशेष कळले, कारण वेग ढळला की धागा तुटतो.

परंतु या कारभाऱ्याचा एक दोष काळाच्या ओघात उघड झाला. वेग वाढल्याची वर्दी त्याला मिळेपर्यंत आणि त्याचा हुकूम झडपेमार्फत अंमलात येईपर्यंत काही क्षण निघून जातात. तेवढ्यात वेग आणखी वाढलेला असतो, म्हणून तो झडप गरजेपेक्षा जास्त आवळतो, आणि चूक लक्षात येईपर्यंत वेग गरजेपेक्षा खाली गेलेला असतो. जुन्या, ओबडधोबड यंत्रांतले घर्षण या उतावीळपणाला लगाम घालीत असे. कारागिरी सुधारली, सांधे गुळगुळीत झाले, आणि नेमकी तीच सुधारणा गव्हर्नराला अस्थिर करू लागली. ग्रीनिचचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांना 1840 च्या सुमारास दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्रात हाच अनुभव आला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 साली रॉयल सोसायटीपुढे या प्रश्नाचे गणित मांडले. आणि पुढे रशियाचे अर्थमंत्री झालेले इव्हान विश्नेग्रादस्की यांनी 1876 च्या सुमारास सिद्ध केले की वॉटच्या गव्हर्नराला स्थिर राहण्यासाठी थोडे घर्षण हवेच.

मोटारीने गव्हर्नराचा अखत्यार बव्हंशी माणसाच्या पायाकडे सोपवला. पाय उचललेल्या अवस्थेचा, म्हणजे आयडलिंगचा, बंदोबस्त तेवढा कार्बोरेटरच्या स्क्रूंकडे उरला. प्रीमियर पद्मिनी टॅक्सींच्या जमान्यात मिस्त्री स्क्रूवर पेचकस टेकवी, कान एंजिनाकडे लावी आणि पाव फेरा आत, अर्धा फेरा बाहेर अशी तजवीज करीत आवाज एका पट्टीत आणी. पुढे प्रदूषणाचे कायदे कडक होत गेले तसा कार्बोरेटर गेला, पेट्रोलचे माप इलेक्ट्रॉनिक दप्तरात लिहिले जाऊ लागले, आणि आयडलिंगचा गव्हर्नर संगणकाच्या रूपाने परत आला. येताना जुनी खोडही घेऊन आला.

समजा, हवेची मोजणी करणाऱ्या सेन्सरच्या पलीकडे व्हॅक्यूमची रबरी नळी चिरली आहे. त्या चिरेतून शिरणारी हवा दप्तरी नोंदली जात नाही. पाय उचललेला असतानाही फेरे चढतात. गाडी उतारावरून नुसती घरंगळत आहे अशा समजुतीने संगणक पेट्रोल तोडतो. फेरे पडतात, एंजिन बंद पडेल म्हणून तो घाईने पेट्रोल पुन्हा सोडतो, आणि फेरे पुन्हा चढतात. वॉटच्या गोळ्यांचाच हा खेळ, फक्त गोळे दिसत नाहीत.

मिस्त्री बॉनेटखाली वाकतो, नळीवरून बोट फिरवत जातो आणि एका वळणावर थांबतो. चिरेवर त्याचा अंगठा दाबला जातो, आणि इतका वेळ वरखाली धावणारा आवाज हळूहळू एका पट्टीत येतो.