रांजण ठेवायचा कुठे?

वैशाखऱ्याला मास्तर होतो तेव्हा थंडीत सातवीच्या पोरांना नाणेघाट चढवायचा माझा नेम होता. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असं मुरबाडपासून जुन्नरपर्यंत कुणीही सांगेल. शेजारच्या लेण्यातला नागनिकेचा लेख दोन हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहनांचा. त्यात वाचता येतात ते यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं. जकात लोकांच्या तोंडची. तरी मला ती पटते, कारण जागाच तशी आहे.

एकदा एका पोराने विचारलं, "गुरुजी, पैसे चुकवून दुसरीकडून का नाही उतरायचे?" वाटा होत्या की! भोरांड्याचं दार आहे, दाऱ्या घाट आहे. पण लादलेला बैल तिथून उतरवायचा म्हणजे बैलावर पाणीच सोडायचं. फरसबंदी नाणेघाटाला, उशाला जीवधन, पुढे चावंड, हडसर, शिवनेरी. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला न्यायचा तर सोयीची खिंड हीच. जागा सह्याद्रीने नेमून दिली, राजाने फक्त माणूस बसवला.

पुढे इंग्रज-मराठ्यांमधली सरहद्द खाली खाडीवर आली. 1774च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, 1782च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली, आणि कल्याण-मुरबाड पेशव्यांकडे. 1817च्या तहात उत्तर कोकणही कंपनीकडे गेलं. 1865ला थळघाटातून रेल्वे वर चढली. शहापूरला गाडी मिळाली, नाणेघाट ओस पडला.

ब्रिटन युरोपीय संघातून निघालं तेव्हा मला त्या पोराचा प्रश्न आठवला. उत्तर आयर्लंड ब्रिटनबरोबर बाहेर पडलं, आयर्लंड संघातच राहिलं, आणि जकातीचा प्रश्न त्या दोघांमधल्या सरहद्दीवर आला. तिथे सह्याद्री नाही; दोनशेहून जास्त रस्ते तिला ओलांडतात. नाका कुणालाच नको होता, कारण तिथे तीस वर्षं रक्त सांडलं होतं. थेरेसा मे म्हणाल्या, युरोपची जकात आम्हीच त्यांच्या वतीने गोळा करू. त्यांच्याच पक्षातले काही म्हणाले, यंत्रं लावा, तपासणी सरहद्दीपासून लांब करा. शेवटी बोरिस जॉन्सन यांनी तपासणी समुद्रावर नेली, ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मधे. तिथले ब्रिटननिष्ठ भडकले, ते साहजिकच होतं. देशातल्या देशात माल न्यायला कागद लागू लागले.

मुंबईची जकात 1 जुलै 2017ला जीएसटी आल्यावर गेली आणि मुलुंडच्या नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा सुटल्या. कर मात्र राहिला, तो हिशेबाच्या वहीत गेला. तेव्हा कर हवा पण नाका नको, असं कुणी पुढारी सांगू लागला की त्याला एवढंच विचारा: माल मोजणार कुठे?