धोरण आणि आरोग्य : अहिल्यानगर जिल्ह्यातील दोन दाखले

सार्वजनिक धोरणाच्या आरोग्यविषयक परिणामांचा विचार निर्णयापूर्वी करावा की निर्णयानंतर? अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या इतिहासातील दोन दाखल्यांच्या आधारे या प्रश्नाचा येथे परामर्श घेतला आहे.

पहिला दाखला प्रवरा कालव्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांमुळे दख्खनमध्ये पाटबंधाऱ्यांची निकड सरकारला पटली. भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. संगमनेर, राहुरी व श्रीरामपूर या भागांत ऊस उभा राहिला. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु अशा योजनांचे मोजमाप मुख्यतः भिजणारे क्षेत्र, पाणीपट्टी आणि दुष्काळापासून संरक्षण या मापांनीच होई. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरले की भूजल चढते, क्षार वर येतात व जमीन चिबड होते, हे दख्खनच्या कालव्यांवर अनुभवानेच उमगले. निचऱ्याचे चर मागाहून खोदावे लागले. साचलेले व संथ पाणी हिवताप पसरविणाऱ्या डासांनाही पोषक असते. म्हणजे जो निचरा पिकास हवा, तोच मनुष्यासही हवा. तथापि पाणी एका खात्याकडे आणि ताप दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाली. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला, तोवर भंडारदऱ्याचे काम संपून पाव शतक उलटले होते.

दुसरा दाखला त्याच जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त जामखेडचा. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे कार्य आरंभिले, तेव्हा गावकऱ्यांची पहिली निकड औषधांची नसून अन्नपाण्याची होती. पुढे दुष्काळात कूपनलिका खोदताना दलित वस्त्यांनजीकच्या जागा निवडण्यात आल्या. जागेची निवड वरकरणी तांत्रिक बाब; पण स्वच्छ पाणी कोणाला मिळणार, हे तिनेच ठरविले. या प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ असलेले अर्भकमृत्यूचे प्रमाण १९९० नंतरच्या दशकात तिशीखाली आले. हे यश केवळ पाण्याचे नव्हे; लसीकरण, पोषण आणि गावोगावच्या आरोग्यसेविका यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

दोन्ही उदाहरणांचे प्रमाण भिन्न आहे. शासनाचा कालवा आणि एका संस्थेचा प्रकल्प यांची सरळ तुलना योग्य होणार नाही. तरीही एक निष्कर्ष निघतो. आरोग्यपरिणामांच्या मूल्यमापनास १९९९ च्या गोथेनबर्ग मसुद्याने पद्धतीचे रूप दिले. परंतु त्याची उपयुक्तता पद्धतीपेक्षा वेळेवर अवलंबून आहे. नकाशा कागदावर असताना चराची अथवा विहिरीची जागा बदलणे सोपे असते. नंतर तोच बदल खर्चिक ठरतो, आणि मधल्या काळाचा भार ज्यांचे मत कोणी विचारले नव्हते त्यांच्यावर पडतो.