ॲनोफिलीस स्टीफन्सी

ॲनोफिलीस स्टीफन्सी ही हिवतापाचा प्रसार करणारी डासाची एक जाती आहे. दक्षिण आशिया व अरबी द्वीपकल्प हे तिचे मूळ क्षेत्र होय. मुंबई व गोव्यासह भारतातील अनेक शहरांत ती हिवतापाची प्रमुख वाहक आहे. आफ्रिकेत मात्र ती आक्रमक परकीय जाती मानली जाते.

वैशिष्ट्ये

आफ्रिकेतील स्थानिक हिवतापवाहक डास प्रामुख्याने ग्रामीण भागातील डबक्यांत व पावसाच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. स्टीफन्सीची मादी पाण्याच्या टाक्या, विहिरी, पिंपे आणि बांधकामासाठी साठवलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालते. त्यामुळे शहरांत कोरड्या ऋतूतही हिवतापाचा प्रसार होऊ शकतो.

आफ्रिकेतील फैलाव

२०१२ मध्ये ही जाती जिबूती येथे आढळली. त्यानंतर इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया व घाना या देशांत तिची नोंद झाली. जिबूतीमध्ये २०१२ साली हिवतापाचे केवळ २७ रुग्ण नोंदवले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या ७३,००० च्या वर गेली. २०२२ मध्ये इथिओपियातील दिरे दावा शहरात कोरड्या ऋतूत झालेल्या उद्रेकाशीही या डासाचा संबंध आढळला.

सर्वेक्षण

बाह्यरूपावरून ही जाती स्थानिक ॲनोफिलीस डासांपासून वेगळी ओळखणे कठीण असल्याने जनुकीय तपासणीने खात्री केली जाते. प्रौढ डास नेहमीच्या सापळ्यांत कमी सापडतात. म्हणून साठवणीच्या पाण्यातील अळ्यांचा शोध महत्त्वाचा ठरतो. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस इजिप्तीच्या अळ्याही अशाच ठिकाणी आढळत असल्याने दोन्हींचे सर्वेक्षण एकत्र करता येते.

नियंत्रण

अनेक कीटकनाशकांना हा डास दाद देत नाही. त्यामुळे टाक्या झाकणे, अळीनाशके वापरणे व अळीभक्षक मासे सोडणे या उपायांवर भर दिला जातो. मुंबईतील हिवतापाविषयी चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये दिलेल्या अहवालात शहरातील विहिरींमधील या डासाच्या उत्पत्तीकडे लक्ष वेधले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आफ्रिकेतील फैलाव रोखण्यासाठी विशेष उपक्रम सुरू केला. २०२४ मध्ये जिबूतीत जनुकीय बदल केलेले नर डास प्रायोगिक स्वरूपात सोडण्यात आले. हे नर चावत नाहीत आणि त्यांची मादी संतती प्रौढ होण्यापूर्वीच मरते.