एक भाकरी जास्त खाल्ली तर? भुकेच्या एका प्रयोगाची गोष्ट

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला एका टप्प्यावर अन्नाचीच भीती वाटू लागते. आधी साखर सुटते, मग भात सुटतो, मग रात्रीचे जेवण. काही महिन्यांनी काटा हलेनासा होतो. थकवा येतो, केस गळतात, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, "तुम्ही फार कमी खाताय, थोडे वाढवा." हे ऐकून रुग्ण दचकतो. इतके कमी खाऊनही वजन उतरत नाही, मग जास्त खाल्ले तर काय होईल?

तुमच्याही मनात हा प्रश्न असेल, तर तुम्ही एकटे नाही. या भीतीला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तिचे उत्तरही त्याच इतिहासात आहे.

अन्नाचे आकडे झाले

अन्नातली ऊर्जा मोजण्याचे शास्त्र तसे नवे आहे. विल्बर अ‍ॅटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १८९० च्या दशकात, माणूस आत राहू शकेल अशी बंदिस्त खोली बनवून शरीर किती ऊर्जा खर्च करते ते मोजले. हे शास्त्र घराघरात नेले ते लुलू हंट पीटर्स या महिला डॉक्टरांनी. त्यांचे १९१८ सालचे आहारावरचे पुस्तक प्रचंड खपले. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरी पाव म्हणा, अशी त्यांची शिकवण होती. वजन उतरवण्यासाठी त्यांनी दिवसाला १२०० कॅलरींचे गणित मांडले. आज कुणी हातात ठेवलेल्या डाएट चार्टवर हाच आकडा दिसला, तर तो किती जुना आहे हे लक्षात घ्या.

याच सुमारास फ्रान्सिस बेनेडिक्ट या संशोधकांनी काही निरोगी तरुणांचा आहार कमी करून पाहिला. वजन साधारण १० टक्के उतरले, पण शरीराचा ऊर्जाखर्च त्या मानाने जास्तच घटला. उत्पन्न कमी झाले की शहाणे घर खर्चाला हात लावते, तसेच शरीरही करते. हे निरीक्षण मात्र सामान्य लोकांपर्यंत पोचलेच नाही. लोकांपर्यंत पोचला तो फक्त १२०० चा आकडा.

मिनेसोटातले ३६ तरुण

दुसरे महायुद्ध संपत आले, तेव्हा युरोपात लाखो लोक उपासमारीने खंगले होते. त्यांना पुन्हा कसे खाऊ घालायचे, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. ते शोधण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. त्यात ३६ निरोगी तरुण होते. शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे शांततावादी तरुण उपाशी राहायला मात्र स्वेच्छेने तयार झाले.

पहिले तीन महिने त्यांना रोज साधारण ३२०० कॅलरी मिळत होत्या. फेब्रुवारी १९४५ पासून आहार जवळपास निम्मा, म्हणजे १५७० कॅलरींच्या आसपास आला. दोन वेळचे जेवण, आणि त्यात मुख्यतः पाव, बटाटे, कोबी, सलगमसारखे कंद. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे. असे २४ आठवडे.

त्यांचे वजन सरासरी चतुर्थांशाने घटले. विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्च जवळपास ४० टक्क्यांनी उतरला. काही घट शरीर लहान झाल्यामुळे होती आणि काही शरीराने काटकसर केल्यामुळे. नाडी संथ झाली. ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. पायांवर सूज आली.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. "कमी खाल्ले की वजन उतरायचे थांबते" असे जे सांगितले जाते, ते या प्रयोगात दिसले नाही. वजन उतरतच राहिले, फक्त वेग मंदावत गेला. पण त्यासाठी मोजावी लागलेली किंमत फार मोठी होती.

भुकेने मनाचे काय केले

ही किंमत मुख्यतः मनाने मोजली. पूर्वी राजकारणावर, पुस्तकांवर तासन्‌तास बोलणारे हे तरुण आता फक्त अन्नाबद्दल बोलत. पाककृतींची पुस्तके वाचत, स्वप्नात जेवत. ताटातले अन्न दोन-दोन तास चिवडत बसत. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून चहा-कॉफी आणि च्युइंगम यांचा अतिरेक करत. काहींना स्वतःची कृश शरीरे ठीकठाक वाटू लागली आणि धडधाकट माणसे जाड दिसू लागली.

हे वाचताना स्वतःची आठवण झाली का? दिवसभर डोक्यात खाण्याचाच विचार, प्रत्येक घासाचा हिशेब, आणि एखाद्या रात्री ताबा सुटून डबाच रिकामा होणे. याला तुम्ही "माझ्यात संयमच नाही" असे नाव देता. निवडून घेतलेल्या, मनाने खंबीर अशा या तरुणांच्या बाबतीतही हेच घडले. हा स्वभावाचा दोष नाही, भुकेचे लक्षण आहे.

पुन्हा जेवायला सुरुवात

जुलै १९४५ च्या अखेरीस पुन्हा खाऊ घालणे सुरू झाले. चार गट केले आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या प्रमाणात वाढीव अन्न दिले. काहींना जीवनसत्त्वे, काहींना जास्तीची प्रथिने दिली. पण त्यांनी फारसा फरक पडला नाही. ज्यांना जेमतेम वाढवून दिले होते, ते जवळपास तसेच राहिले. खरा फरक पडला तो पुरेशा अन्नाने.

पुढे काय झाले, तेही लपवायला नको. बंधने उठल्यावर अनेकांची भूक आवरेना. वजन परत आले आणि काही काळ चरबी आधीपेक्षा जास्त झाली. पण ती वाढत राहिली नाही. हळूहळू भूक शमली आणि वजन पूर्वीच्या जवळपास येऊन थांबले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतींत, हयात असलेल्या सहभागींनी सांगितले की पूर्ववत व्हायला दोन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत काळ लागला.

१९९५ मध्ये न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी याची दुसरी बाजू दाखवली. वजन १० टक्के उतरवले की शरीर खर्च कमी करते, आणि १० टक्के वाढवले की खर्च वाढवते. म्हणजे जास्तीचा प्रत्येक घास सरळ चरबीत जाऊन बसत नाही.

मग तुम्ही काय करावे?

ते तरुण मुळात सडपातळ होते. त्यामुळे त्यांचे आकडे लठ्ठपणा असलेल्या व्यक्तीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. वजन उतरवायला आहार थोडा कमी करावाच लागतो, आणि कधी कधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खूप कमीही केला जातो. प्रश्न आहे तो स्वतःच्या मनाने, महिनोन्‌महिने अर्धपोटी राहण्याचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार, बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या स्त्रीची रोजची गरज साधारण १६६० कॅलरी आहे, तर ६५ किलोच्या पुरुषाची २११०. तुम्ही त्याच्या कितीतरी खाली असाल, तर पुढील गोष्टी उपयोगी पडतील.

१. हळूहळू वाढवा. एका आठवड्यात रोजची एक भाकरी किंवा मूठभर शेंगदाणे, म्हणजे १०० ते १५० कॅलरी. पुढच्या आठवड्यात वाटीभर घट्ट वरण, उसळ किंवा अंडे.

२. काट्याचे गणित समजून घ्या. पहिल्या एक-दोन आठवड्यांत वजन किलो-दीड किलोने वाढू शकते. स्नायू आणि यकृतात साखरेचा साठा परत भरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी येते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. दीड किलो चरबी वाढायला गरजेपेक्षा ११,५०० कॅलरी जास्त खाव्या लागतील. एका भाकरीत साधारण शंभर असतात. आता तुम्हीच हिशेब करा.

३. रोजच्या आकड्यावर जाऊ नका. आठवड्याची सरासरी काढा आणि निदान चार आठवडे पाहा.

४. दुसरी मोजमापे ठेवा. झोप, पाळी, थंडी वाजणे, जिना चढतानाचा दम, डोक्यातले खाण्याचे विचार. हे सुधारत असेल, तर शरीर सावरते आहे.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, पाळी थांबली असेल, मुद्दाम उलट्या करण्याची सवय लागली असेल किंवा वजन फारच खाली गेले असेल, तर हे बदल स्वतःच्या मनाने करू नका. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाणे धोक्याचे ठरू शकते. आधी डॉक्टरांना भेटा, आणि भीती वाटते हेही त्यांना मोकळेपणाने सांगा.

ही भीती नुसत्या समजुतीच्या शब्दांनी जात नाही. त्या तरुणांच्याही डोक्यातला अन्नाचा ध्यास उपदेशाने गेला नाही. तो गेला तो रोज, वेळेवर, पोटभर जेवल्याने. तुमच्यासाठी पहिली पायरी आजच्या जेवणातली एक भाकरी आहे. ती शांतपणे, ताटावर बसून खा.